शेवटचं ताट पाहणाऱ्या शेवंताताई

शेवंताताई आडे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा कागदावर मी त्यांची वरिष्ठ होते. आजही आहे. त्या सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याजवळच्या एका तांड्यावर अंगणवाडी सेविका, आणि मी त्या भागातल्या अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा माझा अधिकार त्या पदातून येत नाही, हे आधीच सांगून टाकते. सतरा वर्षं मी त्यांच्याकडून शिकते आहे. शिकलेलं वागण्यात आणायला मला फार उशीर लागला, म्हणून हा लेख थोडा माझ्याविषयीही होईल. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

गौरव समितीतल्या एका सज्जनांनी मला फोन करून सुचवलं की नोटिशीचा विषय टाळला तर बरं होईल. कार्यक्रमाला कार्यालयातली मंडळी व्यासपीठावर असणार, शुभप्रसंगी कडू आठवणी कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण मी तो विषय टाळणार नाही. शेवंताताईंच्या अंगणवाडीतली चूल आणि ती बंद करण्यासाठी निघालेली नोटीस वगळली, तर उरेल ते कोणत्याही कष्टाळू सेविकेबद्दल लिहिता येईल. शिवाय ती नोटीस अजून मागे घेतलेली नाही. म्हणजे ती चूल आजही कोणत्याही दिवशी विझवता येते. मी स्वतः नोकरीत आहे, हे पूर्ण ध्यानात ठेवून लिहिते आहे.

नोकरीला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. गृहविज्ञानाची पदवी होती, कोऱ्या फायली होत्या आणि घरोघरच्या आहाराची पाहणी करण्याचा आदेश होता. फॉर्मवर प्रश्न होता, 'काल दिवसभरात घरात काय खाल्लं?' एसटी मला साखऱ्याला सोडून पुढे गेली आणि तिथून मी तांड्यापर्यंत चालत गेले. शेवंताताई पहिल्या घरापाशी वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी मला दारोदार नेलं. प्रत्येक अंगणात बाज टाकली गेली, तांब्याभर पाणी आलं, आणि मी प्रश्न विचारला की उत्तर आलं, वरण, भात, भाजी, पोळी. बऱ्याच घरांनी दूधही सांगितलं. ताई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. 

दिवस मावळताना मी अंगणवाडीत बसून फॉर्म लावत होते. मनातून खूश होते. लोक उगाच ओरड करतात, रेशन पोचतं आहे, या तांड्यावर तर जेवण उत्तम आहे, असं मी बोलूनही गेले. तेव्हा ताईंनी काळा चहा माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "म्याडम, दूध किती घरांत लिहिलं?"

मी मोजून सांगितलं, चौदा.

"तांड्यात म्हशी दोन. दोन्हीचं दूध सकाळीच साखऱ्याला जाते. हे चौदा घरचं दूध मंग तुमीच आणलं असंल संगट."

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. बायका माझ्याशी खोटं का बोलल्या, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, "खोटं काहून म्हणता? तुमी पाहुण्या. पाहुण्यासमोर कोणती बाई म्हणंल, काल मीठ-भात खाल्ला म्हून? घराला अब्रू हाय का न्हाई?"

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. दारी आलेल्या माणसाला घरातलं सगळ्यात चांगलं ताट सांगायचं, ही त्यांच्याकडची रीत. मला त्या दिवशी सगळ्याच घरांनी मागच्या सणाचं ताट सांगितलं होतं आणि मी ते 'काल' या रकान्यात भरलं होतं. तसाच फॉर्म हिंगोलीला गेला असता, तिथून पुढे गेला असता, आणि कुठल्यातरी अहवालात या तांड्याचा आहार समाधानकारक ठरला असता. समाधानकारक ठरलेल्या गावाकडे पुन्हा कोण बघतं?

ताईंनी त्यांची पद्धत मला सांगितली ती अशी. "काय खाल्लं ते नका इचारू. शेवटी कोण जेवलं ते इचारा. अन् तिच्या ताटात काय आलं, ते इचारूबी नका. बसून पाहा."

मी त्या दिवशी त्यांच्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला सोनाबाईंच्या घरी नेऊन चुलीजवळ बसवलं आणि हातात लसूण सोलायला दिला. पाहुणी चुलीपाशी बसून लसूण सोलायला लागली की ती पाहुणी राहत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आधी पुरुष जेवले, मग लेकरं, मग सोनाबाई. शेवटी त्यांची सून ललिता बसली. तिचं बाळ चार महिन्यांचं होतं, अंगावर पीत होतं. तिच्या ताटात रेशनच्या तांदळाचा भात होता, मिरचीचा ठेचा होता, आणि दाळीचं भांडं खंगाळून घेतलेलं पाणी होतं. तिने ते भातावर ओतलं, माझ्याकडे बघून हसली आणि जेवायला लागली. पोट भरून जेवली. भात भरपूर होता.

मी सगळेच्या सगळे फॉर्म फाडले आणि पुन्हा भरले. आठवडाभर उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली. नोकरीत मी केलेली ती पहिली बरी गोष्ट, आणि ती माझी नव्हती.

शेवंताताई रेशनच्या विरोधात आहेत, असा एक समज तालुक्यात पसरवला गेला. तो साफ चुकीचा आहे. ज्या घरात दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला निघून जातात आणि मागे म्हातारी नि लेकरं उरतात, त्या घरात रेशनचा तांदूळ म्हणजे काय, ते त्यांच्याइतकं कोणी जाणत नाही. यंत्रावर बोट उमटलं नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हाताऱ्यांना घेऊन त्या स्वतः दुकानात जाऊन बसलेल्या मी पाहिल्या आहेत. दुकानदार म्हणाला, बाई तुमचं काय काम, तर ताई म्हणाल्या, मी बसून राहिले, तुमचं काम तुमी करा. तीन तास बसल्या. धान्य घेऊन उठल्या.

त्यांचं म्हणणं इतकंच की तांदूळ-गहू आले म्हणजे जेवण आलं असं नाही. पूर्वी रानात ज्वारी असायची, तिच्या पाट्यात, म्हणजे मधल्या ओळींत, तूर, मूग, बांधाला अंबाडी, जवस, तीळ. आता सोयाबीन आणि हळद. दोन्ही चांगली पिकं, पण हिंगोलीच्या बाजारात जातात. घरात उरते ती चिमूटभर हळद. ज्वारीची जागा भाताने घेतली, दाळीची जागा पाण्याने, आणि लेकरू रडलं की दुकानातली कुरकुरीत पुडी. पोट भरतं म्हणून कोणी ओरडत नाही. वजनकाट्यावर लेकरू ठेवलं की मात्र काटा बोलतो.

ताईंकडे सरकारी रजिस्टरांशिवाय एक वही आहे. दर महिन्याला त्या प्रत्येक घरी एकदा जेवणवेळी जातात, लसूण सोलतात नाहीतर लेकरू मांडीवर घेतात, आणि घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईचं ताट पाहतात. वहीत अक्षरं कमी आणि चित्रं जास्त. भाकरी-भातासाठी गोल, भाजीसाठी पान, दाळीसाठी दाणा, दूध-ताकासाठी थेंब. चित्रं अशासाठी की त्या बाईला स्वतःला वाचता यावं. मी पहिल्यांदा ती वही उघडली तेव्हा पानंच्या पानं नुसते गोल होते, आणि बरेचसे भाताचे. गोल पूर्ण होता, त्याच्या शेजारी काही नव्हतं. आम्ही कॉलेजात ज्याला आहाराचा दर्जा म्हणत होतो, तो सातवी शिकलेल्या या बाईंनी मला चार खुणांत दाखवला.

त्या चुलीची गोष्ट आता सांगते.

तीन वर्षांच्या पुढच्या लेकरांना अंगणवाडीत शिजवलेलं खायला मिळतं. त्याहून लहान लेकरांसाठी आणि गरोदर, बाळंत बायांसाठी घरी न्यायची पाकिटं येतात, तयार पिठाची. त्या पिठाला तांड्यावर एक गोडसर वास येई, आणि तो कुणालाच आवडेना. पाकीट घेतल्याची सही व्हायची आणि पीठ शेळीच्या घमेल्यात जायचं. शेळ्या चांगल्या झाल्या होत्या, हे सोनाबाईंनीच मला सांगितलं. कोणाला रागवावं हे मला कळेना. ताई कोणालाच रागवल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, पाकीट घरी नेऊ नका, दुपारी इथंच घेऊन या, आणि येताना रानातून मूठभर पाला आणा. तांदूळजा, घोळ, पाथरी, करडईचे शेंडे, हरभऱ्याचा कोवळा पाला, शेवगा, ज्या दिवसांत जे असेल ते. कोणाकडे ज्वारी होती ती पसाभर आणायची, कोणाकडे मूग. मदतनीस कांताबाई आणि ताई त्या पाकिटातल्या पिठात ज्वारीचं पीठ नि चिरलेला पाला घालून धपाटे थापायच्या आणि शेजारच्या चुलीवर पातळ दाळ शिजायची. शिजल्यावर पहिला घास ताई खायच्या, अर्धा तास थांबायच्या, आणि मग पंगत बसायची. पंगतीत फक्त पोटुशी आणि बाळंत बाया, आणि त्यांची तान्ही. ललिता पहिल्याच दिवशी आली.

त्यावरून तांड्यात भांडण झालं. सोनाबाई अंगणवाडीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं होतं की सुना दुपारी पंगतीला बसणार आणि सासवा रानात राबणार, ही कुठली तऱ्हा. "आमी काय माती खाऊन लेकरं वाढवली का?"

ताई धपाटं थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "व्हय सोनामाय, मातीच खाल्ली. तूबी खाल्ली, मीबी खाल्ली. पोटुशी असताना चुलीची माती फोडून खाल्ली का न्हाई? काहून खावी वाटत होती, ते कधी इचारलं का कोणाला?"

अंगात रक्त कमी असलं की माती खावीशी वाटते, हे मी कॉलेजात शिकले होते. सोनाबाई आत येऊन ललिताच्या मागे बसल्या आणि बाळाला मांडीवर घेतलं, सुनेला दोन्ही हातांनी जेवता यावं म्हणून. दुसऱ्या दिवशी पाला निवडायला त्या सगळ्यांच्या आधी हजर. शेवंताताईंच्या पहिल्या बाळंतपणात काय झालं ते तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांना माहीत आहे. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

दोन वर्षं ती चूल चालली. वहीत गोलाशेजारी पानं आली, दाणे आले. आणि मग जिल्ह्याहून एक अधिकारी अचानक भेटीला आले. त्यांनी फोडलेली पाकिटं पाहिली, बाहेरचं धान्य पाहिलं, पाल्याची टोपली पाहिली. नियम सांगतो की पाकीट जसं येईल तसं लाभार्थ्याच्या हाती द्यायचं, आणि केंद्रात बाहेरचा पदार्थ शिजवायचा नाही. मला आदेश आला की पंचनामा करून सेविकेला नोटीस बजावा.

मी गेले. इथे मला स्वतःची बाजू मांडायची नाही, कारण बाजू नाहीच. घरी लहान मूल होतं, नवऱ्याची बदली दूर झाली होती, नोकरी हवी होती. मी चुलीपाशी बसून पंचनामा लिहायला घेतला. ताईंनी आधी मला जेवायला घातलं. नंतर म्हणाल्या, "माय, तुमची नोकरी हाय, तुमी सही करा. मला तकलीफ न्हाई. पण लिहा ते पुरं लिहा. मिसळलं म्हून लिहिता ना? काय काय मिसळलं तेबी लिहा."

मी तसं लिहिलं. ज्वारीचं पीठ, मुगाची दाळ, तांदूळजा, शेवग्याचा पाला, तीळ, जवस, हळद, मीठ. खाली माझी सही.

सुनावणी हिंगोलीला झाली. ताईंबरोबर तांड्यावरच्या अकरा जणी आल्या होत्या, सोनाबाई सगळ्यांत पुढे. त्यांना बाहेर बसवलं. लिपिकाने माझा पंचनामा मोठ्याने वाचून दाखवला, आणि एखादा गुन्ह्याचा ऐवज वाचावा तशा सुरात "तीळ, जवस, हळद, मीठ" ऐकताना खोलीतल्या दोघातिघांना मान खाली घालावी लागली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनाही. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मला नोंदवलं पाहिजे. बाहेरच्या अन्नातून एखाद्या लेकराला बाधा झाली तर जाब कोण देणार, ही त्यांची भीती खोटी नव्हती. ताईंनी त्यावर सांगितलं की पहिला घास मी खाते, अर्धा तास थांबते, मला काही झालं तर पंगत बसणारच नाही.

साहेबांनी विचारलं, नियम मोडला हे मान्य आहे का. ताई म्हणाल्या, मान्य आहे. साहेबांना हायसं वाटलं. ते म्हणाले, मग पुन्हा असं करणार नाही एवढं लिहून द्या, विषय संपवून टाकू.

"ते न्हाई लिहिणार साहेब."

"का?"

"आज लिहून देईन अन् उद्या पुन्हा चूल पेटवीन. मंग मी खोटी पडंल अन् तुमीबी फसाल. त्यापरीस आजच सांगते. उद्या पेटवणार हाय."

 मी भिंतीशी उभी होते. माझ्या आयुष्यात वरिष्ठांपुढे मी इतकं सरळ वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, आणि ते उच्चारायला आवाज चढवावा लागत नाही हे मला तेव्हा कळलं.

ताईंना कामावरून दूर करण्यात आलं. अंगणवाडीला कुलूप लागलं, चूल विझली. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंच्या स्वतःच्या अंगणात तीन दगड मांडले गेले आणि पंगत बसली. त्यांचे पती देविदासभाऊ अतिशय शांत गृहस्थ. मी एकदा गेले तेव्हा ओसरीवर बसले होते. मी विचारलं, जेवलात का. ते म्हणाले, "कुठलं म्याडम. ह्या सगळ्या उठल्यावर माझा नंबर. आमच्या घरात आता मीच शेवटी जेवून राहिलो." चुलीपासून ताईंचा आवाज आला, "मंग, कसं वाटते?" भाऊंनी भाजी निवडायला घेतली.

कार्यालयाने ती जागा भरायची ठरवली. तांड्यावर दहावी-बारावी शिकलेल्या चार मुली-सुना होत्या. प्रत्येकीला विचारायला मीच गेले, तसा आदेशच होता. चौघींनी एकच उत्तर दिलं. त्यातली ललिता आधी मला पाणी देऊन मग म्हणाली, "जागा रिकामी हाय म्हणता म्याडम? आमाला तं न्हाई दिसत." चार महिने असेच गेले. शेवटी ताईंना पुन्हा कामावर घेतलं. त्या आदेशात ना कुणाची चूक झाली असं लिहिलं होतं, ना नोटीस रद्द झाली असं. अंगणवाडीचं कुलूप उघडलं, चूल पुन्हा पेटली, आणि सगळ्यांनी ती न दिसल्यासारखं करायचं ठरवलं. तीच पद्धत आजवर चालू आहे. पण नोटीस फायलीत जिवंत आहे. गेल्या वर्षात दोनदा नव्या साहेबांनी ती बाहेर काढली, दोनदा कशीतरी परत आत गेली.

ताईंनी माझ्यावर केलेले उपकार मी मोजत नाही, त्यांनाही ते रुचणार नाही. एकच सांगते. त्याच काळात मला सतत थकवा यायचा, जिने चढताना धाप लागायची. तांड्यावर गेले असताना ताईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली, गरोदर बायांचं रक्त कमी आहे का ते पाहतात तशी. मग विचारलं, "तुमच्या घरी शेवटी कोण जेवते?"

 हिंगोलीत माझं दोन खोल्यांचं घर, गॅसची शेगडी, भिंतीवर मीच आणून लावलेला समतोल आहाराचा तक्ता. आणि त्या तक्त्याखाली ओट्याशी उभी राहून, मुलाच्या ताटातलं उरलेलं आणि कढईच्या तळाचं खरवडून मी जेवत होते. कित्येक वर्षं. गावोगाव बायांना आहार शिकवणारी मी. ताई हसल्या नाहीत, उपदेशही केला नाही. वहीत एक नवं पान काढून त्यांनी वर माझं नाव लिहिलं आणि एक गोल काढला. पुढच्या आठवड्यात साखऱ्याहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने घरी डबा आणून दिला, जवसाची चटणी आणि धपाटे. ते पान अजून चालू आहे. भेटीला गेले की त्या आधी माझी चौकशी करतात, आणि मी सणाचं ताट सांगायला लागले तर लगेच पकडतात.

आता काळ बदलला आहे. मोबाइलवर बाईचा चेहरा दाखवला की पाकीट पोचल्याची नोंद होते. ताई साठीच्या उंबरठ्यावर हेही शिकल्या, चुका न करता करतात. एकदा फोटो काढता काढता म्हणाल्या, "चेहरा घेतेत. चेहऱ्याच्या खाली ताट हाय, ते कोणी पाहत न्हाई." खरं आहे. कार्यालयातल्या पडद्यावर आमच्या भागात सगळं हिरवं दिसतं. मला त्या हिरव्या रंगाची लाज वाटते, आणि ती लाज ताईंनी मला दिलेली आहे. मी ती जपून ठेवली आहे.

समितीने ताईंना विचारलं होतं की सत्कारात आपल्याला काय आवडेल. ताई म्हणाल्या, "शाल नको, नारळ नको. ती नोटीस मागं घेतल्याचा कागद द्या. उद्या मी नसले तं चुलीवर कोणाचा हात पडू न्हाई." समितीतले लोक हसले, त्यांना तो विनोद वाटला. शेवंताताई पुष्कळ विनोद करतात, पण हा नव्हता. त्यांच्यानंतर येणारी सेविका तरुण असेल, तिच्या घरीही लहान मूल असेल. तिला फायलीतला तो कागद दाखवला की ती माझ्यासारखीच सही करेल. ताईंना तीच काळजी आहे.

म्हणून मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं आहे. मागच्या आठवड्यात मी कार्यालयात लेखी जबाब दिला. त्यात म्हटलं आहे की त्या पंचनाम्यात एक वाक्य लिहायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी मी स्वतः त्या चुलीवरचं जेवले होते. त्याआधी जेवले होते आणि त्यानंतर प्रत्येक भेटीत जेवले. अंगणवाडीतल्या भेट पुस्तिकेत मात्र मी फक्त वेळ लिहीत आले, जेवण कधी लिहिलं नाही. तांड्यावरच्या बायांनी मला पहिल्या दिवशी अब्रूपोटी जे वाढवून सांगितलं त्यापेक्षा मी भीतीपोटी लपवलेलं जास्त आहे. नियम मोडल्याचा ठपका कायम ठेवायचा असेल तर त्यात माझं नाव घालावं, आणि नसेल तर नोटीस मागे घ्यावी. उत्तर अजून आलेलं नाही. व्यासपीठावर जे बसतील त्यांच्यापैकी ज्यांच्या हाती ते उत्तर आहे, त्यांनी हा लेख वाचला असेल असं मी धरून चालते.

शेवंताताई, रीत अशी की साठीला माणसाला निवांत आयुष्याच्या शुभेच्छा द्याव्यात. त्या मी देत नाही, तुम्ही त्या घेणारही नाही. तुमचे गुडघे दुखायचे थांबोत, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप होवो, देविदासभाऊंची साथ राहो, आणि तुम्हाला इतकं लांब नि निरोगी आयुष्य मिळो की तुम्हाला नोटीस देणाऱ्यांच्या बदल्या, बढत्या आणि निवृत्त्या तुम्ही त्या चुलीपाशी बसूनच पाहाल. पासष्टीपर्यंत सेवेची पाच वर्षं अजून तुमच्या हक्काची आहेत. त्यातला एकही दिवस सोडू नका.

सत्कार रविवारी आहे. कागद मिळो न मिळो, सोमवारी दुपारी चूल पेटणारच. मी कार्यालयाच्या गाडीने येईन, बायांबरोबर पंगतीला बसेन, आणि भेट पुस्तिकेत जेवल्याची नोंद करून खाली माझी सही करेन.